उरलेल्या तीन दिवसांच्या गोळ्या

आमच्या घरात पुस्तकांच्या आधी पत्रकं आली. वडील सभेहून गठ्ठे आणायचे आणि त्यातलीच अक्षरं जोडत मी वाचायला शिकले. जे आहे ते सगळ्यांना सारखं मिळालं पाहिजे, हे मला पाढ्यांच्या आधी पाठ होतं. आईला फारसं वाचता यायचं नाही. पण पत्रकात लिहिलेलं असायचं तसं घरात वागायची ती एकटीच.

आई वडपे गावातल्या एका गोदामात पॅकिंगच्या लाइनीवर होती. त्या लाइनीवरच्या बायकांचा एक प्लास्टिकचा डबा होता, उरलेल्या गोळ्यांचा. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या, की दोन दिवसांत ताप उतरायचा आणि उरलेल्या डब्यात जायच्या. जिला लागतील तिने घ्याव्यात. कापलेल्या पट्टीवर औषधाचं नाव अर्धंच राहायचं, म्हणून बायका गोळ्या रंगावरून ओळखायच्या. सर्दी, दाढ, पोट, कंबर, सगळ्याला एकच शब्द: अँटिबायोटिक. म्हणजे जोरदार गोळी, उद्या ड्युटीवर उभी करणारी. तीन खाडे झाले की लाइनीवर दुसरी बाई उभी असायची.

आईला लघवीची जळजळ वरचेवर व्हायची. गोदामात बायकांसाठी एकच संडास, तोही ट्रक उभे राहतात त्याच्या पलीकडे, आणि जायचं तर सुपरवायझरला विचारून. विचारायला नको म्हणून बायका पाणीच पीत नसत. त्यावर मी पत्रक लिहिलं आणि गेटवर उभी राहून वाटलं. त्यात संडास होता, जादा शिफ्ट होती, खाडे होते. डब्याबद्दल एक ओळ नव्हती. उलट मी मैत्रिणींना कौतुकाने सांगायचे, एकजूट बघायची तर आमच्या आईच्या लाइनीवर जाऊन बघा.

मागच्या हिवाळ्यात त्या जळजळीबरोबर आईला थंडी वाजून तापही आला. डॉक्टरने पाच दिवसांच्या गोळ्या दिल्या आणि पूर्ण घ्यायला बजावलं. मी शेजारीच उभी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी तिच्या लाइनीवरची एक बाई दारात आली. आई तिला वहिनी म्हणायची.

"काय गो, हायस अजून? मला वाटलं तुझी जागा खाली झाली!"

"माझी जागा डोळ्यात खुपते होय तुझ्या? बस. खोकला कसा हाय?"

"झोपच न्हाय दोन दिस. डब्यात पण काय न्हाय. पिवळी होती ती पण कोणी नेली."

आईने उशाखालून आपली पट्टी काढून तिच्या हातात ठेवली. "ही घे. हेवी हाय. माझा ताप गेला आता."

मी चहा ठेवत होते. ऐकलं, आणि वहिनीसाठी कपभर पाणी वाढवलं. मला ते चांगलंच वाटत होतं.

दहा-बारा दिवसांनी आईचा ताप परत आला. मग तिने डब्यातल्या दुसऱ्या रंगाच्या गोळ्या घेतल्या, दोन दिवस. तिसऱ्या वेळी पाठ धरून ती लाइनीवरच बसली आणि तिथून आम्ही तिला इस्पितळात नेलं.

तिथल्या डॉक्टरबाई माझ्याहून फार मोठ्या नसतील. त्यांनी मला बाकावर बसवून समजावलं. अँटिबायोटिक फक्त बॅक्टेरियांवर चालतं. सर्दी-खोकला बहुतेक व्हायरसचा असतो, त्याला या गोळीने काहीच होत नाही. आणि बॅक्टेरिया अर्धे मारून सोडले, तर मागे राहतात ते सगळ्यात चिवट. तेच वाढतात. पुढच्या वेळी ते त्या गोळीला दाद देत नाहीत.

दोन दिवसांनी लघवीच्या तपासणीचा कागद आला. एका बाजूला औषधांची नावं, समोर एकेक अक्षर. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. मी बोट ठेवत खाली खाली वाचत गेले. आर, आर, आर. अगदी तळाच्या दोन इंजेक्शनांसमोर एस होता. त्यातलं एक लगेच सुरू केलं. पण तोवर किडन्या थकल्या होत्या.

पत्रकांनी मला एक सवय लावली आहे. दुःख झालं की मी गुन्हेगार शोधते. आणि ते आहेतच: तो संडास, ते खाडे, चिठ्ठीशिवाय चार गोळ्या कापून देणारा मेडिकलवाला. त्यांच्यावर मी लिहीन, थांबणार नाही. पण पट्टी पुढे करणारा हात आईचा होता, आणि त्याचं कौतुक करणारी मी होते. हे कोणत्या पत्रकात घालू?

कागद आला त्या संध्याकाळी आई जरा शुद्धीवर होती. ओठ सुकले होते.

"वहिनीचा खोकला गेला?"

गेला होता. तो तसाही आठवड्यात जाणारच होता, गोळी नसती तरी. डॉक्टरबाईंनी समजावल्यापासून हे मला ठाऊक होतं. घरात कधी खोटं बोलायचं नाही, असं ठरलेलं होतं.

"गेला," मी म्हटलं.

"माझ्या गोळ्यांनी?"

"हो, आई. तुझ्याच गोळ्यांनी."

"बरं झालं," ती म्हणाली, आणि कूस बदलायला माझ्याकडे हात मागितला.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली.