मिशीआडचा ‘प’

सबंध उन्हाळा मी एका बहिऱ्या मुलीला ओठांकडे बघून बोलायला शिकवत होतो, आणि माझा वरचा ओठ मिशीखाली झाकलेला होता.

मिशी साधीसुधी नव्हती. मी ताक प्यायलो की ते आधी तिला मिळायचं, उरलं तर मला. चाळीत तिचा लौकिक होता. माझा नव्हता.

ट्रामला अजून घोडे लागत होते, तेव्हाची ही गोष्ट. गिरगावात एका शेठजींच्या माडीवर बहिऱ्या-मुक्या मुलांची लहानशी शाळा भरायची. मॅट्रिकमध्ये आपटलेल्या माणसाला तिथं मास्तरकी कशी मिळाली, असं कुणी विचारी. माझा आवाज खणखणीत होता म्हणून. बहिऱ्यांना शिकवायला मोठ्या आवाजाचा माणूस हवा, असं शेठजींना वाटलं. आणि खरं सांगायचं तर मलाही वाटलं. पहिले आठ दिवस मी असा ओरडलो की समोरच्या घरचे भाडेकरू तक्रार घेऊन आले. मुलं मात्र शांत बसून माझ्या मानेच्या फुगलेल्या शिरा बघत होती.

मग थोरल्या मास्तरांनी मला रीत दाखवली. समोर आरसा, शेजारी पेटती मेणबत्ती. मुलाचा हात आपल्या गळ्यावर ठेवायचा. ‘प’ म्हटलं की ज्योत हलते आणि गळा गप्प असतो. ‘ब’ला गळा आतून थरथरतो. ‘म’ला नाक गुणगुणतं. मला याचं वेडच लागलं. जन्मभर बडबड केली, पण ‘क’ नेमका कुठं तयार होतो हे कधी पाहिलं नव्हतं! घरी कानांत कापसाचे बोळे घालून मी आरशापुढं तासन्‌तास तोंडं करायचो. आई म्हणायची, “नोकरी लागली आणि डोकं गेलं.”

मुलगी सहासात वर्षांची, कुलाब्याच्या कोळीवाड्यातली. शाळेसाठी ती ठाकुरद्वारला मावशीकडे राहायची. तिची आई मासळी विकायची. पहिल्याच दिवशी तिनं मला बजावलं होतं.

“मागच्या साली बाजारात ही हरवली. मी हाका मारते, हिला ऐकू येत नाय. ही रडते, पर हिला हाक मारता येत नाय. दिवे लागले तवा गावली. मास्तर, हिला ‘बय’ म्हनायला शिकव. बाकी तुझं पुस्तक तुला ऱ्हाऊ दे.”

कोळ्यांची मुलं आईला बय म्हणतात. मी म्हटलं, “शिकवतो की!”

“दर्याला नारळ वाहिला, होड्या निघाल्या, की मासळी सुकवायला हात लागतात. तवर बोलली तर ऱ्हाईल. नाय तर घेऊन जाईन.”

म्हणजे नारळी पौर्णिमेपर्यंतची मुदत. ‘ब’च्या आधी ‘प’ पक्का करायचा, म्हणून मी ‘प’ धरला. मी “प” म्हणायचो, ज्योत हलायची. मुलगी एकटक बघायची, नाक आक्रसायची आणि नाकातून फुर्रकन वारा सोडायची. ओठ उघडेच. मी पुन्हा “प” म्हणायचो, ती पुन्हा फुर्र. मला वाटलं, वात्रट आहे. मग वाटलं, मंद आहे. मंद कोण होतं ते पुढं कळलंच.

आषाढ लागला तरी तेच. एक दिवस मी वैतागून खिडकीशी जाऊन उभा राहिलो. मागं वळून पाहतो तो ती आरशापुढं एकटीच बसलेली. तिनं आपल्या वेणीचं टोक नाकाखाली आडवं धरलं होतं. नाकातून वारा सोडून ती ते केस हलवत होती. हलले की आरशात बघून मान डोलवत होती.

मी खुर्चीत बसलो. तिला माझे ओठ कधी दिसलेच नव्हते. ‘प’ म्हणताना माझ्या तोंडावर जे हलत होतं, ते तिनं प्रामाणिकपणे उचललं होतं. मास्तर बोलतो तो मिशीनं, आणि आपल्याला ती नाही, एवढाच तिचा हिशोब. त्यावर उपायही तिनं स्वतःच शोधला होता. मला तेवढंही सुचलं नव्हतं.

आता मिशी काढायला हवी होती. आणि इथंच पंचाईत होती, कारण बाबा धडधाकट होते. आमच्याकडे बाप गेला की मुलगा मिशी उतरवतो; बाप असताना तिला वस्तरा लागत नाही. नुसती कातरून पाहिली, तर ओठ अर्धाच दिसला आणि मुलगी आता अर्धंच फुरफुरायला लागली. गिरगावचे न्हावी मला ओळखत होते. म्हणून मी पार लालबागला गेलो आणि एका अनोळखी न्हाव्यापुढं बसून वरच्या ओठाकडे बोट दाखवलं.

न्हाव्यानं उसासा टाकला. “वडील ना? आजारी होते?”

मी मान खाली घातली. ती लाजेनं खाली गेली होती, त्यानं ती दुःखानं गेली असं धरलं. मिशी उतरली. मग त्यानं माझं पागोटं बाजूला ठेवलं आणि डोक्याला पाणी लावायला घेतलं.

“डोक्याला नको,” मी दचकून म्हटलं.

त्याचा हात थांबला. “का? बाप अर्धाच गेलाय?”

पैसे ठेवून मी पळालो.

तोंडाला उपरणं लावून चाळीत शिरलो, पण जिन्यातच शेजारच्या काकूंनी उपरणं ओढलं. पुढचं मला आवरता आलं नाही. काकूंनी गळा काढला, वरच्या मजल्यानं तो उचलला, आणि मी तोंड उघडेपर्यंत आमच्या खोलीत माणसं मावेनात. आई चुलीपुढून उठून “अहो, ते भाजी आणायला गेलेत!” असं सांगत होती, आणि बायका तिला जवळ घेऊन “धक्का बसलाय हो” म्हणत होत्या.

एवढ्यात बाबा आले. घरात गर्दी पाहून त्यांनी वहाणा दारातच काढल्या, भाजीची पिशवी भिंतीला टेकवली, गंभीर चेहऱ्यानं शेवटच्या रांगेत बसले आणि शेजाऱ्याला हळूच विचारलं, “कोण गेलं हो?”

शेजारी किंचाळला.

मिशी पुन्हा वाढेपर्यंत बाबा माझ्याशी बोलले नाहीत. जेवताना भिंतीकडे तोंड करून नुसतं पुटपुटायचे. ओठांवरून काय म्हणतात ते वाचावं म्हणून मी वाकून पाहिलं. काही कळेना. त्यांनाही मिशी होती.

शाळेत दुसऱ्या दिवशी मुलगी माझ्याकडे बघतच राहिली. हात लावून ओठ चाचपला. तिला माझी फार दया आली असावी, कारण तिनं आपली वेणी उचलून माझ्या नाकाखाली धरली. मी ती हळूच दूर केली, ओठ मिटले आणि म्हटलं, “प.” तिचे डोळे मोठे झाले. तिनं ओठ मिटले, सोडले. ज्योत विझली. मी ती पुन्हा पेटवली, तिनं पुन्हा विझवली. त्या दिवशी आम्ही शेठजींच्या मेणबत्त्या संपवल्या.

पुढं माझ्या गळ्यावर हात ठेवून ती ‘ब’पर्यंत आली. मग ‘बा’, आणि एका सकाळी आरशात बघत ‘बय’. आवाज जाडा, घोगरा, पण शब्द खरा. तो पुन्हा काही केल्या निघेना, आणि तोवर नारळी पौर्णिमा होऊन गेली.

मुलीची आई आली ती पहिल्या मासळीची टोपली घेऊनच. शेठजींच्या घरात मासळीला बंदी, म्हणून टोपली खाली चौकात ठेवून ती तिथंच उभी राहिली. मी खाली उतरलो. मुलगी जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबली.

“बाप गेला काय रं तुझा?”

“नाही. हिला ओठ दिसेनात, म्हणून काढली.”

“मंग? बोलली?”

“एकदा बोलली.”

“कोनाशी?”

“आरशाशी.”

“आरशाशी!” तिनं कमरेवर हात ठेवले. “पोटात मी वागवली आन हाक आरशाला? नाय मास्तर. झालं तेवढं पुरं. हिचं बोचकं दे.”

एवढ्यात तिच्या पाठीमागून एक मांजर टोपलीवर चढलं. मला ते दिसलं नाही, मी पायांकडे बघत होतो. वरच्या पायरीवरून आवाज आला. जाडा, घोगरा, मोठा.

“बय!”

आई गर्रकन वळली. मांजर बोंबील घेऊन निघालंच होतं. तिनं शिवी हासडून ते हाकललं, बोंबील उचलला, पदरानं पुसून टोपलीत टाकला. आणि मग वाकलेलीच राहिली.

“मास्तर,” ती हळू आवाजात म्हणाली, “हाक कोनी मारली?”

मी वर बोट केलं. मुलगी अजून मांजराकडेच बघत होती. आई जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली. मुलगी उतरून तिच्या पाठीला चिकटली आणि पुन्हा म्हणाली, “बय.” आता तसं काहीच कारण नव्हतं.

मी घसा खाकरून तिथंच घुटमळलो. एवढी मिशी दिली, बाप जिवंतपणी घालवला. चार शब्द कौतुकाचे येतील, असं मला वाटत होतं. आईनं डोळे पुसले आणि माझ्या तोंडाकडे नीट निरखून पाहिलं.

“पोरगी ऱ्हाऊ दे हितंच. पर तू टोपलीपासून लांब हो, मास्तर. तोंड ओल्या बोंबलावानी झालंय तुझं, मांजर तुलाच उचलून न्यायचं.”