आठशे अडतीस, पुढचा चार

देशाची शिस्त त्याच्या महामार्गांच्या क्रमांकांत दिसते, असं मी एकेकाळी मानत असे. क्रमांक बदलले तेव्हा तर घरी जेवताना व्याख्यानच दिलं. उत्तर-दक्षिण रस्त्यांना सम आकडे, पूर्व-पश्चिम रस्त्यांना विषम. आपल्या वारज्यावरून जाणारा चार नंबर आता अठ्ठेचाळीस.

वडिलांनी आमटी वाढून घेतली. "रस्त्याला कळवलंत का?" एवढंच विचारलं.

ते बांधकाम खात्यात मुकादम होते. सगळी नोकरी त्याच रस्त्यावर गेली. जगातली प्रत्येक जागा ते दगडावरून सांगत: किलोमीटरचा मोठा दगड, मग दर दोनशे मीटरला छोटा, त्यावर दोन, चार, सहा, आठ. एकदा बसमध्ये आईला चक्कर आली होती, तीही घरात 'आठशे एकतीसच्या सहाला' अशीच नोंदली गेली. निवृत्तीनंतरही रोज सकाळी मोपेडवरून ते दगड बघून येत.

मी शहराच्या दुसऱ्या टोकाला, खराडीत, नकाशांचं सॉफ्टवेअर करणाऱ्या कंपनीत होतो. जुने क्रमांक काढून नवे भरायचं काम माझ्या टीमकडे होतं. ते संपलं त्या सकाळी आम्ही मोठ्या पडद्यासमोर पेढे खात होतो, तेवढ्यात वडिलांचा फोन आला.

"मोपेड घसरली. पाय मोडला बहुतेक. चार नंबर, आठशे अडतीस, पुढचा चार. ये." फोन बंद. त्यांच्या मते संपूर्ण पत्ता सांगून झाला होता.

मी आकडे पडद्यावर टाकले. चार नंबर आम्हीच पुसला होता, म्हणून अठ्ठेचाळीस घातला. हा नवा रस्ता दिल्लीपासून मोजतात. ठिपका गुजरातेत उमटला.

"सर, काका मोपेडवर गुजरातला?" कोणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो, आणि हसत असतानाच परत फोन लावला.

"बाबा, जुना नंबर आता चालत नाही. नवा सांगा."

मागे हशा चालूच होता.

"दगडावर आहे ते सांगितलं," ते म्हणाले आणि फोन ठेवला. नंतर उचलला नाही.

खराडीहून वारज्याला पोचून, दोन्ही बाजू धुंडाळत मी तिथे गेलो तेव्हा मोपेड उभी होती आणि तिच्याजवळ वडिलांच्या हाताखालचा जुना मजूर बसला होता. वडिलांनी त्याला फोनवर तेच चार शब्द सांगितले होते. तो सायकलवर पंधरा मिनिटांत आला होता.

"साहेबांना टेंपोतनं दवाखान्यात न्हेलं. गाडी ऱ्हायली म्हनून थांबलो." मग सहज विचारलं, "तुमच्या मशिनीला दगड वाचता येत न्हाई व्हय?"

वडील दीड महिना प्लास्टरमध्ये होते. त्या फोनचा विषय त्यांनी काढला नाही. हसण्यात माझा आवाज ओळखू आला का, हे मी विचारू शकलो नाही. कारण त्यांनी खरं उत्तर दिलं असतं.

प्लास्टर निघाल्यावर त्यांनी मला आठशे अडतीसचा मोठा दगड बघून यायला सांगितलं. मी गेलो. खात्याने तो नव्याने रंगवला होता. वर अठ्ठेचाळीस लिहिलं होतं. खाली आठशे अडतीस तसंच होतं.