कडेच्या जागेवरची दोरी

बँकॉकमध्ये शहराच्या मधोमध एक कालवा आहे आणि त्यावर बससारख्या लांबलचक मोटारबोटी धावतात. मी हौसेनं कडेची जागा पकडली. समोरून दुसरी बोट गेली आणि कालव्याचं पाणी थेट तोंडावर आलं. मागची रांगही भिजली. शेजारच्या आजींनी वरून लोंबणारी दोरी माझ्या हातात कोंबली आणि थाईत काहीतरी म्हणाल्या. शब्द कळले नाहीत, पण सूर आमच्या गल्लीतलाच होता: "बसलास ना कडेला? मग ओढ की!"

ओढली, तर कडेचा प्लॅस्टिकचा पडदा वर सरकला. कडेला बसणाऱ्यानं सगळ्यांना कोरडं ठेवायचं, असा इथला रिवाज!

मग काय, बोट आली की ओढ, गेली की सोड. देवळं बघायला आलो होतो, ती राहूनच गेली. पण इतक्या माणसांच्या एकदम उपयोगी पडल्याचं मला आपल्या गावातही आठवत नाही.

धक्क्यावर उतरून वळून पाहिलं. माझ्या जागेवर गळ्यात कॅमेरा अडकवलेला एक गोरा पाहुणा ऐटीत बसला होता आणि समोरून बोट येत होती.

"अहो, दोरी ओढा!" मी चक्क मराठीत ओरडलो.

आणि त्यानं ओढली.