बाईंची वीस मिनिटं

रिपोर्ट चांगला असो की वाईट, बाई प्रत्येक कैद्याला बंद दाराआड वीस मिनिटं बसवायच्याच. ज्याला काहीच निघालं नाही, तोही त्याआधी बाहेर येत नसे. त्यामुळे कुणाला एचआयव्ही निघाला, याचा बाकावरच्यांना पत्ता लागत नसे.

मी त्या तुरुंगात जेलर होतो. बाई समुपदेशक, दर मंगळवारी पैठणहून एसटीनं यायच्या. एका कैद्यानं विचारलं, "बाई, तुमी गुन्हा नाय विचारत?"

"तो कोर्टानं विचारलाय की. मी रक्ताचं विचारते."

कुणी सुई नको म्हणाला की हवालदार अंगावर जाई. बाई मधे पडत. "नको म्हणायचा हक्कबी गेटवर जमा करून घेतला का? राहू द्या दादा, पुढच्या मंगळवारी बोलू."

एकदा वरचे साहेब पाहणीला येणार होते. मी घाईत म्हणालो, "ज्यांना काही नाही त्यांना आधी मोकळं करा."

"मग उरलेला कोण, ते आंधळ्यालाबी कळंल साहेब," म्हणत बाई एकाला घेऊन आत गेल्या. बाकावर सहाजण होते. रिपोर्टचं रजिस्टर ज्या कपाटात असे, त्याची दुसरी किल्ली माझ्याकडे असे. मी रजिस्टर काढलं, नावं पाहिली आणि पाचजणांना बराकीत पिटाळलं. उरला एकच. स्वयंपाकघरात भाकऱ्या थापणारा.

त्या संध्याकाळी त्याच्या भाकरीला कुणी हात लावला नाही. पुढच्या मंगळवारी बाईंनी सगळ्यांसमोर त्याच्याकडून भाकरी मागून घेतली, उभ्यानंच खाल्ली. "कड कच्ची राहिली दादा," एवढंच म्हणाल्या.

चौकशी झाली. मला नावं सांगून गुपित बाईंनीच फोडलं, असं ठरलं. मी तिथंच बसलो होतो, बोललो नाही. बाईंचं येणं बंद झालं. किल्ली कुणाकडे असते, हे त्यांना ठाऊक होतं. जाताना त्या माझ्यापाशी थांबल्या. मला वाटलं, आता बोलतील.

"साहेब, त्याच्या गोळ्या एक दिवसबी चुकू देऊ नका."

मागच्या महिन्यात बाई गेल्या. पैठणला त्यांच्या घरी गेलो, तर तो भाकऱ्या थापणारा तिथं बसलेला. सुटून बरीच वर्षं झाली. शहागंजात त्याची खानावळ आहे. तब्येत माझ्यापेक्षा चांगली.

"लई मोठं माणूस," तो म्हणाला. "एवढी एक चूक झाली त्यांच्याकडून. ती म्या कवाच माफ केली."

"ती चूक माझी होती," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

त्यानं विचारलं, "बाईंना ठावं होतं?"

"हो."

"दर दिवाळीला यायचो मी हितं. माफ केलं म्हणायचो. त्या नुसतं 'बरं दादा' म्हणायच्या."