एतियनसाहेबांच्या आजोबांचं पत्र

एतियनसाहेब माती हातात घेतली की आधी तिचा वास घेत, मग चिमूटभर जिभेवर ठेवत. सौदीतल्या हुफूफच्या खजूरबागेत माती तपासायच्या माझ्या नोकरीच्या पहिल्याच सकाळी त्यांनी मलाही चाखायला लावली. "किती खारट, ते यंत्र सांगेल. पण खारट आहे हे तुला कळायला हवं, कासिम." आम्ही इंग्रजीत बोलायचो. काम सुरू करताना मात्र त्यांचं ठरलेलं असे, "यल्ला, चला, आधी खड्डा, मग गप्पा."

गप्पा बहुधा फ्रान्समधल्या त्यांच्या द्राक्षमळ्याच्या. घराणं सरदारांचं, वाईनचा धंदा सात पिढ्यांचा. मी रत्नागिरीचा, दारूला कधी हात न लावलेला. पण त्यांच्या कुठल्या उतारावर कुठला वेल, हे मला पाठ झालं होतं. आजोबांचा विषय तेवढा ते टाळत.

मग त्यांच्या थोरल्या भावाने मळा विकायला काढला. सोबत घराण्याचा इतिहास छापायचा होता. महायुद्धात आजोबांनी जिवावर उदार होऊन मळा राखला, असं त्यात होतं. त्या मजकुरावर भावाला साहेबांची संमती हवी होती.

एके दिवशी दुपारचा नमाज पढून आलो, तर साहेब लॅबमध्ये एक पिवळा कागद घेऊन बसलेले. "आजोबा पहिल्याच आठवड्यात पळाले," ते म्हणाले. "मळा राखला मुकादमाने, मार्सेलने. परत आल्यावर आजोबांनी त्याला लिहून दिलं की मळ्यातलं घर कायम त्याच्या वंशजांचं. त्याची प्रत हरवली. ही आमची, आईने मला दिलेली. आता मळा विकायचा म्हणून भाऊ मार्सेलच्या नातीला तिथून काढतोय."

मी पत्र स्कॅन केलं, तिच्या वकिलाच्या मेलला जोडलं. तेवढ्यात भावाचा व्हिडिओ कॉल आला. साहेबांनी तो पिवळा कागद कॅमेऱ्यासमोर धरला. फ्रेंच मला कळत नव्हतं, पण भाऊ ओरडत होता. मध्येच भाऊ एकदम हळू आवाजात काहीतरी बोलला. साहेबांनी डोळे मिटले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "पाठव."

माझं बोट क्षणभर अडलं. मग मी बटण दाबलं.

"काय म्हणाला तो?" कॉल संपल्यावर मी विचारलं.

"आईच्या दारात पाऊल ठेवू नकोस म्हणाला."

नातीचं घर वाचलं. त्या हिवाळ्यात साहेबांची आई वारली. भावाने कळवलं नाही. दफन झाल्यावर त्या नातीनेच मेलने कळवलं. साहेब दिवसभर लॅबमध्ये खुर्चीत बसून होते. मी डबा पुढे केला, तो तसाच राहिला. "बटण मी दाबलं," मी म्हणालो. "पत्र माझं होतं," ते म्हणाले.

पुढे त्यांचा इकामा, म्हणजे सौदीत राहण्याचा परवाना, संपला. दम्मामच्या विमानतळावर मी त्यांना सोडायला गेलो, तेव्हा न राहवून विचारलं, "साहेब, पस्तावा होतो?"

त्यांनी बॅग खांद्यावर घेतली.

"रोज होतो," ते म्हणाले. "पण ती त्या घरात राहते आहे."