भोक पाडलेला डबा

काल कपाशीवर फवारणी झाली. औषधाचा रिकामा डबा उचलला, तो उग्र वास नाकात शिरला आणि मी थेट दुसरीच्या वर्गात जाऊन पोचले.

तेव्हा बोरी अरबच्या शाळेत आमच्या वर्गातली निम्मी पोरं असल्याच डब्यात पाणी आणायची. घट्ट झाकणाचा, न गळणारा डबा! मीही हट्ट धरला. आईने एक डबा राखेने तीनदा घासला, दिवसभर उन्हात ठेवला आणि सकाळी पाणी भरून हातात दिला. मी अंगणात पोचले नाही, तोच तिने मागे बोलावलं. झाकण काढून वास घेतला आणि तिचा चेहराच उतरला. पाणी ओतून दिलं, लोखंडी सब्बल घेतली आणि एका घावात डब्याच्या बुडाला भोक पाडलं.

“काहून फोडला वं माय?” मी रडायलाच लागले.

“तीनदा घासला, तरी वास जाऊन नाही राह्यला. चूक माह्यीच झाली, तुले द्यालेच नोतं पायजे. रड खुशाल. मोठी झाली का शिव्या दे मले.”

मी पितळी तांब्या घेऊन शाळेत गेले. पोरं हसली. आठवडाभर मी आईशी धड बोलले नाही.

काल माझ्या लेकीनेही तो डबा मागितला. मी तिच्यासमोरच सब्बल घातली. ती रुसून बसली आहे. बसू दे. मीही रुसले होते, आणि आज हे सांगायला धडधाकट उभी आहे.