धुळाजीची सांसेर वाइन

धर्मापुरीजवळच्या वस्तीवर शेळीपालकांची सहकारी संस्था निघाली, तेव्हा धुळाजी चेअरमन झाला. का झाला, हे तो स्वतःच सांगायचा. बाकीचे शेळ्यांमागं रानात गेलेले. सभेला तो आणि सेक्रेटरी पंडित, दोघंच हजर होते.

२०१३च्या उन्हाळ्यात तळं आटलं, गुरं छावणीला गेली. शेळ्या मात्र बाभळीच्या शेंगांवर तगल्या आणि थोडंफार दूधही देत राहिल्या. पण त्या दुधाला असा उग्र वास, की घरची माणसंसुद्धा नाक मुरडायची. त्याच दिवसांत शेळीपालन बघायला परदेशी निघालेल्या एका सरकारी अभ्यासदौऱ्यात धुळाजीचं नाव लागलं आणि कोरं धोतर नेसून गडी थेट फ्रान्सला पोचला.

तिथं ल्वार नदीजवळच्या सांसेर भागात मादलेन नावाच्या बाईच्या साठ शेळ्या होत्या. तिनं गोठे दाखवले, दूध विरजून चीज कसं करतात तेही दाखवलं. धुळाजी मान हलवत होता, पण लक्ष होतं टेबलावरच्या बाटलीकडं. पेल्यात फिकट पिवळी, गार वाइन आली. लिंबाचं सरबत समजून त्यानं ती एका दमात संपवली आणि पेला पुन्हा पुढं केला. मंडळी गालात हसली. दुभाष्यानं समजावलं, की आधी शेळीच्या चीजचा तुकडा खायचा आणि त्यावर घोटभर प्यायची. धुळाजीनं श्वास रोखून तुकडा तोंडात टाकला. वासच नाही! नुसतं मऊ, आंबटसर. वर वाइनचा घोट गेला आणि त्याची खात्री पटली, की वास घालवते ती ही वाइनच.

परत आल्यावर त्यानं दौऱ्याचा अहवाल लिहिला. त्यातली चार पानं वाइनवर होती. सोबत आणलेली बाटली ओल्या गोणपाटात गुंडाळून गार करायला टँकरचं अर्धा हंडा पाणी गेलं, म्हणून बायको रतनबाई दिवसभर त्याच्याशी बोलली नाही. चीजही त्यानंच केलं. लिंबू पिळून दूध फाडलं, वर दगड ठेवला आणि तीन दिवस उन्हात वाळवलं. ते विळीनंही कापेना. शेवटी रतनबाईनंच दूध विरजलं, फडक्यात टांगलं, मीठ लावलं. छान पांढरा गोळा झाला.

सभासद कडुलिंबाखाली जमले. बूच निघेना, म्हणून पंडितनं ते स्क्रू ड्रायव्हरनं आतच ढकललं. धुळाजीचं भाषण सुरू झालं: या वाइनबरोबर शेळीचं चीज चालतं, नदीतले मासे चालतात, समुद्रातली कालवंही चालतात.

म्हातारी भामाबाई शांतपणे म्हणाली, "नदीलाच पाणी न्हाई, मासं कुठून आनावं?"

सगळ्यांनी चीज खाल्लं, वर बुचाचे कण गाळत घोट घेतला. वास जसाच्या तसा. धुळाजीनं दुसरा घोट घेऊन बघितला, तिसराही घेतला. वास हलेना, कपाळाला घाम मात्र सुटला.

रतनबाईनं एकच विचारलं. "तिथं बोकड कुठं बांधत्यात?"

"लई लांब. दुसऱ्या गोठ्यात. धारंच्या वक्ताला जवळ येऊ देत न्हाईत, त्यांचा वास दुधाला लागतो म्हनं. कास बी धुत्यात."

"मंग हे पयलं कावून न्हाई सांगितलं?"

धुळाजीनं पेला खाली ठेवला. मादलेननं ती गोष्ट दोनदा सांगितली होती, त्याच्या कानावरही पडली होती. पण तेव्हा तो दुसरा पेला कधी मिळतो, याच विचारात होता.

दुसऱ्या दिवशीच बोकड ओढ्यापलीकडं गेले. महिन्याभरात दुधाचा वास बराच कमी झाला. मग बाया घरोघर तसले गोळे टांगू लागल्या. ज्वारीच्या भाकरीवर थापून, वर जवसाची चटणी घेऊन लोक ते खाऊ लागले. त्या टंचाईत तेवढाच ताटात आधार झाला. वाइनची आठवण कुणालाच आली नाही.

अहवालात बोकडाची एक ओळ घाला, असं सांगायला धुळाजी मुद्दाम बीडच्या कचेरीत गेला. फाईल वर गेली आहे, आता काही होणार नाही, असं उत्तर मिळालं. तेव्हापासून शेळीवाल्यांच्या कुठल्याही बैठकीत तो उभा राहतो, आधी बोकड लांब बांधायला सांगतो आणि मग फ्रान्सला जाऊन आपण काय शिकून आलो, ते सगळं न लपवता सांगतो.